त्यांनी हात वर केला

बोलताना ते समोरच्याच्या तोंडाकडं नाही, पायांकडं बघत. नव्वदच्या दशकात किकवीहून पुण्याला जाणाऱ्या सकाळच्या एस्टीत आमची रोजची गाठ पडे. एका कंपनीनं त्यांना कबड्डीसाठीच नोकरी दिली होती. दोन्ही घोटे सुजलेले असले तरी म्हाताऱ्यांना जागा देऊन ते उभे राहत. असं पायांकडं का बघता, म्हणून एकदा विचारलं, तर म्हणाले, “मास्तर, त्वांड फसवतं. पाय न्हाई.”

जत्रेतल्या कबड्डीच्या अंतिम सामन्यात ते आमच्या गावाकडून खेळले. गुण लिहायला मी होतो. माझं टेबल मैदानाच्या पलीकडच्या कोपऱ्याला लागून होतं. बरोबरी झालेली, शेवटची चढाई त्यांची. त्याच कोपऱ्यातल्या गड्याला शिवून ते परतले. शिट्टी झाली, गुलाल उधळला, पोरांनी त्यांना खांद्यावर घेतलं. तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

“शिवायच्या आदीच दम तुटला माजा. म्या बाद.”

पंचांनी निकाल फिरवला. कप शेजारच्या गावाला गेला. खांद्यावर घेणाऱ्यांनी पाठ फिरवली. ते एकटेच माती झटकत घरी गेले.

सोमवारी एस्टीत मी म्हणालो, “एवढ्या गलक्यात कुणाला ऐकू आलं असतं?”

ते नेहमीसारखे खाली बघत होते.

“तुमाला आलं व्हतं, मास्तर. टेबलाखाली पाय दचकलं तुमचं.”

मी ऐकलं होतं, आणि तरी वहीत गुण आमच्या नावावर लिहिला होता. भर चढाईत, दम संपलेला असताना, या माणसानं माझे पाय पाहिले होते.