एप्रिलपर्यंत थांबता आले असते

ज्या वाक्यावर आमचा संसार कोकणातून मस्कतला आला, ते वाक्य खोटे होते. ते मी रचलेले नव्हते, उसने घेतलेले होते. पण उच्चारले मीच, आणि माझ्या पत्नीने ते खरे मानले. गावी राहिलेल्या माझ्या माणसांना, आणि माझ्यासारखेच घर हलवून इकडे आलेल्यांना, हे आज सांगतो आहे. आमच्या येण्याची जी कारणे तुम्ही आजवर माझ्या तोंडून ऐकलीत, त्यांत हे कधीच नव्हते.

निघालो तो दिवस दिवाळीच्या सुट्टीतला होता. दापोलीजवळच्या आमच्या गावातून जीप निघाली, तेव्हा मागच्या बाकावर सुनंदा आणि तिच्या मांडीवर आमची लहानगी ईशा. जिल्हा परिषदेच्या शाळेपाशी सुनंदाने जीप थांबवायला सांगितली. त्या शाळेत ती शिक्षिका होती. शाळेला कुलूप होते. ती व्हरांड्यात गेली, खिडकीच्या गजांतून आत पाहिले आणि परत येऊन बसली. “फळ्यावरची तारीख तशीच राहिलीय,” एवढेच म्हणाली. मी विमानाच्या वेळेबद्दल काहीतरी बोललो.

पहिलीला हाती आलेला वर्ग चौथीपर्यंत त्याच बाईंनी न्यायचा, अशी त्या शाळेची रीत होती. पहिले अक्षर ज्यांनी गिरवून घेतले, त्यांनीच शेवटी निकाल हातात द्यायचा. सुनंदाचा पहिलावहिला वर्ग त्या वर्षी चौथीत होता. ती मला पुन्हापुन्हा सांगत होती, की एप्रिलपर्यंत थांबा; एक मेला झेंडावंदन झाले, की निकाल वाटते आणि दुसऱ्या दिवशी पेटी भरते. आई तिच्या बाजूची होती. चुलीपुढून मान न वळवता ती मला म्हणाली होती, “भाकरी आपल्या वेळेनं फुगते. उलथनं घालून घाई केलीस तर फाटते.” आईचे बोलणे मी ऐकले आणि माझी रजा संपवून एकटाच मस्कतमधल्या रुवीला, नोकरीवर परतलो.

रुवीतल्या खोलीत तेव्हा आम्ही सहा जण राहत होतो. सगळेच आपापल्या कंपनीत कुठे ना कुठे मेंटेनन्सला. मी वातानुकूलन यंत्रांच्या देखभालीवर. दिवसभर लोकांची घरे थंड करून यायचे आणि आपल्या खाटेवर येऊन पडायचे. कंपनीने मला फॅमिली स्टेटस दिले होते, म्हणजे कुटुंब सोबत आणण्याची मुभा. त्याला कसलीही मुदत नव्हती. हे मी खोलीत सांगितले, तेव्हा आमच्यातला सर्वांत जुना गडी, नांदेडकडचा, ताटावरून मान वर न करता म्हणाला, “बायको ऐकत नाही होय? सांग तिला, कंपनी पुढच्या वर्षी देणार नाही. आत्ता नाही तर खलास. माझी आठ दिवसांत तयार झाली.” सगळे हसले. त्या हसण्यावरून मला कळले, की हे वाक्य त्या खोलीत माझ्याआधीही अनेकांनी वापरले होते. ते तिथल्या पातेल्यासारखे होते. ज्याला लागेल त्याने घ्यावे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ते घेतले. गावी शाळेला तेव्हा दिवाळीची सुट्टी लागली होती. फोनवर ते ऐकून सुनंदा म्हणाली, “मग राजीनामा लिहिते.” त्याच सुट्टीत मी दोघींना न्यायला गेलो.

ती आली आणि मी सुखावलो. हेही लपवणार नाही.

गावी गेलो, की लोक विचारत, एवढी चांगली नोकरी सोडून बाईंना तिकडे का नेलेत? मी कारणे सांगत असे, आणि ती सगळी खरी आहेत. बोडक्या तपकिरी डोंगरांच्या खोबणीत वसलेले हे शहर बाहेरून रुक्ष वाटते, पण उन्हे कलली, की रुवीचे रस्ते माणसांनी भरून जातात. आमच्या लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत चार भाषा कानांवर पडतात. दिवेलागणीनंतरही मुली खाली निर्धास्त खेळतात. ईशाला चांगली शाळा मिळाली. आज ती इथल्याच सोहार शहरात इंजिनिअर आहे. शुक्रवारी किनाऱ्यावरच्या बरका गावातल्या मासळीबाजारातून ताजे बांगडे आणावेत, हिवाळ्यात डबे घेऊन एखाद्या वादीत, डोंगरातल्या झऱ्याकाठी, चार कुटुंबांनी दिवस घालवावा. वर्षागणिक आमच्या ओळखीची कितीतरी घरे अशी माझ्या शब्दावर इकडे आली. त्यांपैकी बहुतेक सुखात आहेत. इथल्या मराठी मंडळात मला चेष्टेने ‘जोडून देणारे काका’ म्हणतात.

सुनंदाने कधी तक्रार केली नाही. मराठी माध्यमाच्या शिक्षिकेला इथल्या शाळेत जागा नव्हती. पुढे ती शनिवारी घरीच मराठी शिकवू लागली. इमारतीतली मुले येतात, एकमेकांशी इंग्रजीत बोलतात आणि तिला म्हणतात, “मिस, माझी आजी मला लाडू पाठवला.” ती शांतपणे म्हणते, “आजीनं पाठवला. पुन्हा सांग बरं.” ही मुले वडिलांची बदली झाली, की मधूनच जातात, नवी येतात. निकाल कोणाचाच लागत नाही.

दर एक मेला ती रव्याचा शिरा करते, वेलची आणि केळे घालून. मी तो महाराष्ट्र दिनाचा समजून खात आलो. एकदा पाहुण्यांसमोर कौतुकही केले होते, की आमच्या हिने परमुलखात राज्याचा वाढदिवस कधी चुकवला नाही. ती हसली होती.

या हिवाळ्यात माझ्या हाताखाली शैलेश नावाचा वाशिमचा तरुण आला. स्वभावाने गरीब, कामाला चोख. त्याची पत्नी प्रणाली गावी लग्नाच्या ब्लाउजांवर आरीचे भरतकाम करते. चार मुली हाताशी घेऊन नुकता तिचा जम बसू लागला आहे. लग्नसराई उरकून येते, असे तिचे म्हणणे. शैलेशला तेवढाही धीर नव्हता. एका शुक्रवारी तो आमच्याकडे जेवायला आला आणि जेवण झाल्यावर, सुनंदा स्वयंपाकघरात असताना, मला हळूच म्हणाला, “काका, ती तुमचं ऐकेल. फक्त एवढं म्हणा, की कंपनी पुढच्या वर्षी फॅमिली स्टेटस देणार नाही. रूमवर सगळे म्हणाले, हे चालतं.”

ज्या खोलीत मी राहत होतो, ती इमारत केव्हाच पाडली. वाक्य मात्र तसेच राहिले होते.

मी हो किंवा नाही म्हणण्याच्या आत त्याने फोन लावून स्पीकरवर टाकला. मी नेहमीप्रमाणे सुरुवात केली: शहर सुरक्षित आहे, शेजार चांगला आहे, इथल्या लग्नांतही नटणे कमी नाही, तुझ्या कामाला गिऱ्हाईक मिळेल. प्रणालीने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, “काका, हे सगळं लग्नसराईनंतर पण असेलच ना तिथं?” स्वयंपाकघरातून सुनंदा हसलेली ऐकू आली. शैलेश माझ्याकडे डोळ्यांनी विनवणी करत होता. तेवढ्यात प्रणालीने विचारले, “काकू आहेत का? काकू, तुम्ही तर नोकरी सोडून आलात म्हणे. तुम्ही कशाला आलात?”

सुनंदा हात पुसत दारात आली. तिच्या आवाजात कडवटपणा नव्हता, नुसती माहिती होती. “आम्हाला निवडायला कुठं होतं गं? कंपनीनं सांगितलं होतं, आत्ता नाही तर कधीच नाही.”

शैलेशने मान खाली घातली. हे वाक्य आमच्याही घरात राहते, हे त्याला त्या क्षणी कळले असावे. मला गप्प बसता आले असते. इतकी वर्षे बसलोच होतो. त्यात मी वाकबगार आहे. पण पलीकडे एक मुलगी फोन कानाशी धरून ठरवत होती, हातातले काम पुरे करावे की अर्धे टाकावे.

“प्रणाली,” मी म्हणालो, “कंपनी असं काही सांगत नाही. तुझी लग्नसराई होऊ दे. शैलेश थांबेल.” मग सुनंदाकडे न पाहता पुढचे म्हटले, “तेव्हाही सांगितलं नव्हतं. ते मी सांगितलं होतं.”

शैलेशने फोन घेतला, काहीतरी पुटपुटत चपला घातल्या आणि तो खाली उतरला. सुनंदा खुर्चीवर बसली. बराच वेळ ती टेबलावरचे खरकटे बोटाने एका जागी गोळा करत राहिली.

“मुदत नव्हती?”

“नव्हती.”

“मग एवढी घाई कशाची होती तुम्हाला?”

मुलीची शाळा, चांगली जागा, रीतसर घर, सगळी कारणे ओठांवर आली, आणि त्यांतले एकही तिथे उपयोगाचे नव्हते. “कामावरून आलो की दार उघडायला कुणी नसायचं,” मी म्हणालो. “मला तेवढंही सोसलं नाही.”

ती खिडकीबाहेर पाहत होती. समोरच्या डोंगरावर ऊन पिवळे पडत चालले होते. “एवढंच सांगितलं असतंत,” ती म्हणाली, “तर कदाचित त्याच्यासाठीही आले असते. पण मग मुलांना मी सांगून आले असते. मी त्यांना सुट्टीनंतर भेटू म्हणाले होते. तेव्हा तुमचा फोन आला नव्हता.” मग म्हणाली, “एक मेचा शिरा त्यांच्या निकालाचा असतो. सगळी पास झाली असं धरून करते.”

लोक विचारतात, एवढ्या वर्षांनी तुमचे घर कुठले, कोकणातले की इथले? मी आजवर दोन्ही सांगत आलो. त्या दुपारी मला उमगले, की दोन्ही उत्तरांत मी एकट्याने ठरवलेले घर होते, आणि जी दार उघडत होती, तिला मी कधी विचारलेच नव्हते. मी उठून तिच्यासमोर बसलो. आमच्या पिढीचे पुरुष असे शब्द पत्नीशी बोलत नाहीत. माझ्या वडिलांच्या तोंडून मी ते कधी ऐकले नाहीत. माझा आवाज मला परका वाटला, पण तो निघाला.

“सुनंदा, मी कंपनीचं नाव पुढे केलं, पण तुझ्या वर्गातून तुला मीच उठवलं. एप्रिलपर्यंत थांबता आलं असतं. माझं चुकलं. मला क्षमा कर.”