अण्णांची नॉर्वेतली हाळी

माझ्या वडिलांनी माझ्या मित्राची हातातोंडाशी आलेली शिकार घालवली, म्हणून मी त्यांच्याशी तीन दिवस बोललो नाही.

अण्णांना जाऊन आज एक वर्ष झालं.

ती शिकार हुकली तेव्हा मी कंपनीच्या प्रोजेक्टवर उत्तर नॉर्वेत, समुद्राकाठच्या एका गावात होतो. आई-अण्णा पंधरा दिवसांसाठी आले होते. अण्णा पुण्याजवळच्या धायरीचे शेतकरी. पहिलाच विमानप्रवास.

शेजारी ओलाफ. दोन वर्षांत तिथे जमलेला माझा एकुलता एक मित्र. त्याच्या शेतात रानहंस उतरायचे. सीझनमध्ये तो त्यांची शिकार करायचा, रीतसर लायसन्स काढून.

"वडिलांनाही आण," म्हणाला.

आम्ही गवताच्या आडोशाला बसलो. समोर कापणी झालेल्या शेतात ओलाफने प्लास्टिकचे हंस मांडले होते. ते बघून खरे हंस खाली येतात.

अण्णा हळूच म्हणाले, "म्हंजी जेवायला बोलवायचं आन् मारायचं?"

"अण्णा, शांत बसा."

समुद्रावरून तीसेक हंस आले. उतरायला लागले. ओलाफने बंदूक उचलली.

आणि अण्णा उभे राहिले.

"हाऽऽ! हाऽऽ! हुर्रर्र!"

ज्वारीवरची पाखरं हाकलायची हाळी.

सगळा थवा वळला.

ओलाफ बघतच राहिला. मग पोट धरून हसला.

मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सवय हाय," अण्णा म्हणाले. "पाखरू उतरताना दिसलं की त्वांडातनं निघतंच."

मला ते तेव्हाही पटलं नाही.

चौथ्या दिवशी चहा घेताना तेच म्हणाले, "बोल की आता. पाखरं येत्याल परत. मी काय परत यायचो नाय."

मी बोललो. पण पंधरातले तीन दिवस गेले ते गेलेच. पुढे गुडघ्यांनी साथ सोडली, ते परत आले नाहीत.

नंतर मीच पुण्यात आलो. हिंजवडीच्या ऑफिसातून घरी आलो की रोज त्यांच्याजवळ बसायचो. ती हाळी सवयीने निघाली की मुद्दाम दिली, एवढं विचारायचं राहिलं.

आज सकाळी ओलाफचा व्हॉइस मेसेज आला. सीझनचा पहिला थवा तो आता दरवर्षी हाकलून देतो म्हणे.

मागे वारा. आणि त्याच्या आवाजात, "हाऽऽ! हुर्रर्र!"

आईला ऐकवला.

"ह्यांच्यासारखं नाय जमलं त्याला," ती म्हणाली.

थोड्या वेळाने म्हणाली, "परत लाव."

अण्णा, त्या तीन दिवसांसाठी माफ करा.

नमस्कार करतो.