काहूचा डॉक्टर

पुण्यात मी हाडांचा डॉक्टर होतो. पामर्स्टन नॉर्थला माझी डिग्री चालेना, म्हणून जखमी पक्ष्यांच्या केंद्रात पिंजरे धुवायचं काम धरलं. तिथे एक काहू कायमचा मुक्कामाला होता. काहू म्हणजे इथली घारच म्हणा. गाडीच्या धडकेत त्याचा पंख मोडला आणि कुणाला सापडेपर्यंत हाड वाकडं जुळून गेलं. रोज माझ्याकडे रागाने बघायचा. मीही खेकसायचो, “माझ्याकडे काय बघतोस? मी मोडलाय का तुझा पंख?”

एकदा जाळीपलीकडून एका गोऱ्या आजींनी विचारलं, “याचे डॉक्टर तुम्हीच का?”

या देशात दोन वर्षांत मला पहिल्यांदाच कुणीतरी डॉक्टर म्हटलं होतं.

“नाही,” मी म्हणालो, आणि पाइपाचं पाणी सोडलं.