दाराबाहेरचा दत्ता

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा मी दादरला क्लासात होते. लहान मुलींची सकाळची बॅच. तत्कार चालू होता, आणि इतक्या पायांच्या धडधडाटात शुभांगीवहिनी फोनवर काय सांगतायत ते मला धड ऐकू येईना. मी हात वर करून मुलींना थांबवलं. वहिनी एवढंच म्हणाल्या, "वीणाताई, हे गेले हो…" मी फोन खाली ठेवला. मुली माझ्या तोंडाकडे बघत उभ्या. एकीने घाबरत विचारलं, "मॅडम, आमचं चुकलं का?" नाही गं बायांनो, तुमचं काही चुकलं नाही, म्हटलं आणि त्यांना घरी पाठवलं. मग भिंतीला टेकून बसले. रडू आलंच नाही. सगळ्यात आधी मनात आलं ते हे, की महोत्सव तोंडावर आलाय आणि ऋतुजाच्या नाचाचा शेवट अजून ठरलेला नाही. आता महिना उलटून गेल्यावर हे लिहिताना वाटतं, दत्ताला त्यात काही वावगं वाटलं नसतं. त्याच्या स्वतःच्या मनातही तेच आलं असतं.

दत्ताराम लालबागचा. महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवायचा आणि उरलेल्या वेळात एकांकिका बसवायचा. त्याला विचारलं असतं तर त्याने हे वाक्य उलटं करून सांगितलं असतं. मी दादरची, कथकवाली, शिस्तीची, आणि त्याच्या भाषेत "इस्त्री केलेली बाई". आमची ओळख भांडणातून झाली. कुठल्याशा आंतरशालेय स्पर्धेत आम्ही दोघं परीक्षक होतो. बंद खोलीत पहिला नंबर कुणाचा यावर आम्ही तावातावाने बोलत होतो आणि दाराच्या फटीतून मुलांचे डोळे दिसत होते. दत्ताचं त्या फटीकडे लक्ष गेलं आणि त्याने हातातलं पेन खाली ठेवलं. निघताना मला म्हणाला, "बक्षीस नसलेलं कायतरी करूया काय?" मी म्हटलं, बक्षीस नसेल तर पोरं यायची नाहीत. "नाय आली तर आपण दोघं नाचू," तो म्हणाला. पोटाचा घेर एवढा, आणि वर नाचायच्या गोष्टी! मला हसू आवरेना. हसले आणि अडकले.

तर असा आमचा महोत्सव सुरू झाला. परळच्या एका शाळेचं दुसऱ्या मजल्यावरचं सभागृह, मे महिन्याच्या सुट्टीत. घोडपदेव, अँटॉप हिल, लालबाग, गिरगाव, जिथून मिळतील तिथून नाटकवेडी आणि नाचवेडी मुलं गोळा करायची. प्रत्येकाला काही महिन्यांसाठी एक जाणता कलावंत जोडून द्यायचा आणि शेवटी महोत्सवात प्रत्येकाने स्वतःचं काहीतरी करून दाखवायचं. त्यात दत्ताची मेख अशी, की नाचणारी मुलं नाटकवाल्यांकडे आणि नाटकातली मुलं नाचवाल्यांकडे. "नाचणाऱ्याला नाचणारा दिला, की तो त्याला आपल्यासारखा करून टाकतो," हे त्याचं म्हणणं. मला ते तेव्हा मुळीच पटलं नव्हतं. माझ्याकडे आलेला पहिला मुलगा संवाद म्हणताना दोन्ही हात खिशात घालून उभा राहायचा. त्याचे हात बाहेर काढण्यातच माझा अर्धा सीझन गेला.

दुसरा नियम याहून विचित्र. महोत्सवाच्या दिवशी आपल्या विद्यार्थ्याचा प्रयोग चालू असताना शिकवणाऱ्याने सभागृहात थांबायचं नाही. बाहेर जिन्यात येऊन बसायचं. पहिल्या वर्षी आम्ही सगळे मोठ्या थाटात पुढच्या रांगेत बसलो होतो आणि स्टेजवरची मुलं दर वाक्यानंतर, दर गिरकीनंतर आमच्याकडे बघत होती. बरोबर आलं का? चुकलं का? दत्ता माझ्या कानात पुटपुटला, "ही लोकांसाठी करतच नायत गो. आपल्या तोंडासाठी करतायत." पुढच्या वर्षीपासून आमची हकालपट्टी. एका नावाजलेल्या नटाला याचा भयंकर राग आला. "मग मी बाहेर बसून काय करू? चपला सांभाळू?" दत्ता शांतपणे म्हणाला, "सांभाळा. मागल्या वर्षी दोन जोड गेले." नट तरीही पुढे बरीच वर्षं येत राहिला आणि जिन्यात आमच्या शेजारी बसत राहिला. खरं तर जिन्यात सगळ्यात वाईट हाल दत्ताचेच व्हायचे. बाहेर बसायचा नियम याचा, आणि दाराला कान लावायला सगळ्यात पुढे हाच. हाताला चाळा म्हणून उकडलेल्या शेंगा घेऊन बसायचा आणि त्या सोलून सोलून मलाच द्यायचा. त्याच्या घशाखाली एक उतरायची नाही.

त्याच्या शिकवण्याबद्दल मी त्याच्याशी जन्मभर भांडले. तो काही सांगायचाच नाही. आमच्याकडे गुरू करून दाखवतो, शिष्य करतो, पुन्हा करतो, पायाला येईपर्यंत करतो. दत्ता नुसता विचारायचा. हे इथे का थांबलास? तुला समोर काय दिसतंय? आणि मुलाने उलट विचारलं, की सर, मग काय करू? तर म्हणायचा, "माका काय ठाऊक? तू सांग." पालक माझ्याकडे येऊन तक्रार करायचे, की सर काही शिकवत नाहीत. मीही एकदा फणकाऱ्याने म्हटलं, "शिकवायचं नाही तर पोरं गोळा कशाला करतोस?" त्यावर तो म्हणाला, "कुणीतरी बसून बघतंय, एवढं पुरे असतं वीणा, पुष्कळदा…" माझं समाधान झालं नाही. आजही पूर्ण झालंय असं नाही. पायाला आधी काही यावं लागतं, मग प्रश्न विचारावेत, या मताची मी आहे आणि तशीच राहणार.

ऋतुजा ही त्याची शेवटची विद्यार्थिनी. मूळची माझी. घोडपदेवच्या चाळीतली, कथकला पाय सुरेख, बोलायला अगदी कमी. घरात ती आणि आई, दोघीच. आई परळच्या एका हॉस्पिटलात आया आहे, कायमची रात्रपाळी. सकाळी येते, चहा पिते आणि झोपते. ऋतुजाचा रियाज त्याच वेळात, त्याच एका खोलीत. घुंगरू बांधायचे नाहीत, टाच आपटायची नाही, फरशीवर पाऊल असं ठेवायचं की आवाज होता कामा नये. आईने कूस बदलली की जिथल्या तिथे थांबायचं. माझ्या क्लासात तिचा पाय जोरात का पडत नाही, म्हणून मी कितीदा तरी ओरडले असेन. कारण तिने मला कधी सांगितलं नाही. दत्ताला पहिल्या भेटीतच सांगितलं. त्याने विचारलं होतं, "घरी कुठे नाचतेस?" बस, एवढंच.

आणि तिने त्याचाच नाच करायला घेतला. झोपलेली आई आणि रियाज करणारी मुलगी. स्टेजवर मात्र घुंगरू बांधून, आणि ते वाजू न देता. ज्यांनी कधी पायात घुंगरू बांधलेत त्यांना कळेल, हे किती जीवघेणं काम आहे. साधं वजन बदललं तरी ते बोलतात. तालमीला मी दाराशी उभी राहून बघायची. पण शेवट येईना. आई उठते? मुलगी वैतागून घुंगरू वाजवते? सोडून ठेवते? दर तालमीला ऋतुजा एका जागी येऊन थांबायची आणि दत्ताकडे बघायची. तो म्हणायचा, "बघू."

मग दत्ताचं जुनं दुखणं उलटलं. मी हॉस्पिटलात भेटायला गेले तेव्हा तो पार वाळला होता. एवढा मोठा देह, चादरीखाली काही उरलाच नव्हता. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मी मुद्द्यावर आले. "दत्ता, त्या पोरीला शेवट सांगून टाक. ती थांबलीय तुझ्यासाठी."

"मला नाय माहीत," तो म्हणाला.

"तुझ्या मनात काहीतरी असेलच की."

"नाय गो. खरंच नाय. असता तर कधीच सांगितला असता, मी काय एवढा साधू आहे?" त्याला धाप लागली. थोडं थांबून म्हणाला, "आणि तू देऊ नकोस तिला. तुला ओळखतो मी. एक तिहाई लावशील, टाळ्या घेशील."

तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा घेऊन नेमकं समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर येणं. हमखास टाळी. त्याने मला बरोबर पकडलं होतं, कारण ती तिहाई माझ्या डोक्यात तयार होती. मी त्याच्या हातावर हात ठेवला आणि म्हटलं, नाही देत. तीच आमची शेवटची भेट.

तो गेल्यावर आठवड्याभरात ऋतुजा क्लासात आली. बसली नाही. उभ्या उभ्याच म्हणाली, "मॅडम, सरांनी तुम्हाला शेवट सांगितला असेल ना?" तिच्या चेहऱ्याकडे बघून मला वाटलं, सांगावं खोटं. सर म्हणाले असं कर, असं सांगितलं असतं तर तिने आनंदाने केलं असतं, छान झालं असतं, सरांची आठवण म्हणून सगळे रडले असते. तोंडापर्यंत आलं होतं. पण मी म्हटलं, "बाळा, त्याला माहीत नव्हता." तिला ते पटेना. "असं कसं? सर रोज 'बघू' म्हणायचे. त्यांना माहीत होता." मी पुन्हा तेच सांगितलं. "तुम्ही मला सांगत नाही आहात," ती म्हणाली आणि निघून गेली. त्यानंतर फोन उचलेना, मेसेज बघेना, तालमीला येईना. महोत्सव करायचा की नाही यावर आमच्यात बैठका चालल्या होत्या. कुणी म्हणे या वर्षी नुसती शोकसभा घेऊ, कुणी म्हणे स्टेजवर मोठा फोटो लावू. मला कशातच रस वाटेना. ही पोर माझ्यावर रुसून नाच सोडून देते की काय, एवढ्या एकाच गोष्टीने मला ग्रासलं होतं. शेवटी शुभांगीवहिनींनी बजावलं, महोत्सव होणार आणि फोटो लागणार नाही. वाद मिटला.

महोत्सवाच्या दिवशी ऋतुजा आली. माझ्याशी बोलली नाही. पडद्यामागे जाऊन तयार झाली आणि तिची वेळ आली तेव्हा आमच्या कार्यकर्त्यांकडे एकच मागणी केली, पंखे बंद करा. मे महिना, परळ, गच्च भरलेलं सभागृह! लोक कुरकुरले, पण पंखे बंद झाले. दत्ता नाही, म्हणजे तिच्यासाठी जिन्यात जायची पाळी आता माझी. सगळ्यात जास्त बघायचा होता तो हाच नाच, आणि मी बाहेर येऊन पायरीवर बसले. मागे दार लागलं.

न वाजणारा नाच दाराबाहेरून कसा ऐकणार? काहीच ऐकू येईना. आत काय चाललंय, ती कुठवर आलीय, मला पत्ता नाही. खालच्या रस्त्यावरचे हॉर्न तेवढे येत होते. एकदा वाटलं संपलं, मग वाटलं सुरूच झालं नसेल. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मी उठून दाराला हात लावला आणि पुन्हा बसले. दत्ता इथे काय भोगत होता ते मला तेव्हा समजलं.

आणि मग आतून एका बाईचा आवाज आला. घोगरा, संकोचलेला, प्रेक्षकांतून.

"वाजव गो… जागीच आसंय मी."

पुन्हा शांतता. मग घुंगरू. आधी एकाच पायाचे, बारीक, विचारत असल्यासारखे… आणि मग दोन्ही पाय, भरभरून, अंगावर काटा येईल असे. माझ्या क्लासात तो पाय इतक्या जोरात मी कधी ऐकला नव्हता. टाळ्या कधी सुरू झाल्या तेही कळलं नाही, कारण मी तिथे पायरीवर बसून ओक्साबोक्शी रडत होते. दत्तासाठी पहिल्यांदा.

ऋतुजा घुंगरू न सोडताच बाहेर आली. घामाने निथळत होती. "मॅडम, आईला मी काहीच सांगितलं नव्हतं," ती एका दमात म्हणाली. "ती पहिल्यांदाच आली आज, रजा टाकून."

"मग तुझा शेवट काय होता?"

"नव्हता. सापडलाच नाही. नुसती थांबून राहायचं ठरवलं होतं. फार तर लाइट घालवतील, म्हटलं."

तिच्या मागोमाग आई आली. किरकोळ अंगाची बाई, चांगली साडी नेसून, आणि चारचौघांत बोलून बसल्यामुळे ओशाळलेली. पदराने तोंड पुसत मला म्हणाली, "माफ करा हां बाई. बोलायचं नव्हतं मला. घरी तर एवढ्या वर्षांत कधी बोलले नाय."

मला कळेना. "घरी? घरी तर तुम्ही झोपलेल्या असता ना?"

तिने एकदा लेकीकडे पाहिलं. "कसली झोप येते ओ दिवसाची? पण मी डोळे उघडले की ही थांबते. म्हणून मिटून पडते."

ऋतुजा आईकडे बघत तशीच उभी राहिली. दत्ता, अरे, एवढं ऐकायला तरी थांबायचं होतंस.