तो निनावी अर्ज माझा होता

समाजाच्या सभागृहात चालणारा बेली डान्सचा वर्ग आमच्या शेजारच्या बाईंनी बंद पाडला, असं कॉलनीत आजही बोललं जातं. ते खोटं आहे. तो वर्ग मी बंद पाडला. माझं वय आता चौऱ्याहत्तर आहे. हे लिहून ठेवायलाच हवं.

ती सलग दुष्काळाची वर्षं होती. बायपासच्या पलीकडं शहर वाढत होतं, नव्या इमारती उठत होत्या, आणि आमच्याकडं टँकर दिवसाआड यायचा. टँकरच्या रांगेत माझ्या बायकोची आणि शेजारच्या बाईंची मैत्री झाली. पाण्याअभावी लग्नं पुढं ढकलली जात होती, त्यामुळं सभागृह रिकामं पडलेलं. एका तरुण मॅडमनी ते दुपारच्या वेळेला भाड्यानं मागितलं. समितीचा सचिव मीच. ‘महिलांचा व्यायाम वर्ग’ एवढं वाचून मी सही केली.

एके दुपारी सभागृहाची टाकी भरली का, ते बघायला गेलो. आतून संगीत ऐकू आलं म्हणून खिडकीतून डोकावलो. सात-आठ बायका, त्यांत शेजारच्या बाईही, आणि मधोमध माझी बायको. चौपन्न वर्षांची. माझ्या समजुतीप्रमाणं ती त्या वेळी भजनात होती. पदर खोचलेला, कमरेला घुंगरांसारख्या टिकल्यांचा लाल रुमाल, आणि कंबर हलतेय.

“काकू, फक्त डावी बाजू हलतेय. उजवी झोपली का?” मॅडम म्हणाल्या.

“माहेरी पाचोडला लहानपणापास्नं डाव्या कमरेवर घागर नेली, बाई. उजवीला कधी कामच लावलं नाय. आता ती कशी ऐकंल?”

“सासूसारखी वागतीया तुझी उजवी!” शेजारच्या बाई म्हणाल्या, आणि माझी बायको हसत हसत खालीच बसली.

टाकी न बघताच मी घरी आलो. सचिवाची बायको पोट हलवते, हे उद्या समाजात कळलं तर? माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. आमच्याच माणसांनी याच सभागृहात ढोलावर गजी नाच केलेला, त्यात मीही घाम गाळलेला. पण तो पुरुषांचा नाच, त्यामुळं तो मला आठवलाही नाही.

तिला सरळ विचारायला हवं होतं. मी अर्ज लिहिला. तीस वर्षं मी सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळली होती. निनावी अर्ज रोज यायचे, आणि बाईच्या अर्जावर साहेब लगेच हलायचे, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून मी लिहिलं, ‘आम्ही कॉलनीतील एक महिला.’ अक्षर बदललं. ‘घरी भजनाला जातो असं सांगून बायका येथे अंगप्रदर्शन करतात’ असंही लिहिलं. अंगप्रदर्शन! त्या बायकांच्या अंगावर नऊवारी-सहावारी साड्या होत्या.

समितीच्या बैठकीत तो अर्ज मीच वाचून दाखवला. एक म्हातारे सभासद म्हणाले, “पोटाचा नाच म्हंजी काय? पोट तर आपल्या सगळ्यांचंच हलतंय की!” सगळे हसले, आणि हसता हसता ठराव झाला. वर्ग बंद.

संध्याकाळी मी घरी तो मजकूर सांगितला, जणू मला काहीच माहीत नाही. बायकोनं पोळपाट बाजूला सारला.

“भजनवाली मीच हाय,” ती म्हणाली.

मी धक्का बसल्याचं सोंग केलं. ते चांगलं जमलं.

“पण भजनाचं शेजारणीबिगर कुणालाच ठाऊक नव्हतं. बाकीच्यांच्या घरी माहीत होतं. तिचा नवरा तर तिला स्कूटरवर सोडायचा. तिनंच लिहिलं.”

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. मी जेवलो. दुसऱ्या दिवसापासून टँकरच्या रांगेत बायको तिच्याशी बोलेना. आणखी दोघी-तिघींच्या कानावर घातलं, तेवढं पुरलं. वर्षभरानं शेजारच्या बाई कॉलनी सोडून क्रांती चौकाजवळच्या फ्लॅटमध्ये गेल्या.

बारा वर्षांनी, गेल्या महिन्यात, मी बायकोला सगळं सांगितलं.

“तुम्ही? आन् बाईचं सोंग घेऊन?”

“हो.”

“चला. आत्ताच्या आत्ता.”

रिक्षा करून आम्ही क्रांती चौकाजवळ पोचलो. शेजारच्या बाईंनी दार उघडलं. केस पांढरे झालेले, कपाळ मोकळं. दारातच मी सांगून टाकलं. त्या गोंधळल्या.

“कसला अर्ज, भाऊजी?”

आम्ही दोघंही हादरलो. आपल्यावर असा काही आळ आहे, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मला वाटायचं, त्या रागानं गेल्या. बायका आपल्याशी का बोलत नाहीत, याचं कारणच त्यांना माहीत नव्हतं.

त्या माझ्या बायकोकडं वळल्या. “माझे मालक गेले तवा तू आली नाय. मी रोज दाराकडं बघायचे. माझं काय चुकलं, हेच मोजत बसले मी इतकी वर्षं.”

शेजारच्या बाईंनी तिचा हात धरून तिला आत नेलं. मी बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसलो. आतून आधी रडणं ऐकू आलं, मग नुसतं पुटपुटणं. चहा आला नाही. यायलाही नको होता.

बऱ्याच वेळानं बायको दारात आली. डोळे लाल.

“तुम्ही जावा घरी,” ती म्हणाली. “मी आज इथंच राहते.”