अण्णांच्या जमिनीसाठी वकील बघायला गेलो

अण्णा, म्हणजे माझे वडील, गेले. त्यांच्या जमिनीला आमची नावं लावायची म्हणून आज मी लातूरहून भोकरला गेले. दादा आणि मी मिळून एकच वकील करणार, असं मी धरूनच चालले होते.

दादाही तिथं आला होता. वकीलबाई मला चांगल्या वाटल्या. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "भावा-बहिणीत काही वाद हाय का?"

मी म्हणाले, "न्हाई हो मॅडम."

दादा खाली बघत म्हणाला, "तायडे, तू ह्यांना कर. मी माझा वकील नांदेडला केलाय."

"कवा?"

"दहाव्याच्या आदल्या दिवशी."

मंडळी, दहाव्याला कावळा पिंडाला शिवत नव्हता. सगळे ताटकळले होते. तेव्हा ह्याच दादानं हात जोडून मोठ्यानं म्हटलं होतं, "अण्णा, तायडीला मी अंतर देणार न्हाई." लगेच कावळा शिवला. आई पदरात तोंड घालून रडली होती.

आता परतीच्या बसमध्ये बसलेय. आईचा फोन येऊन राहिलाय. दोघांना वकील पसंत पडला का, एवढंच तिला विचारायचं असणार.

तुम्हीच सांगा, काय सांगू तिला?