फरदडीचा दुसरा भाग

महेजबीनबद्दल लिहावं की नाही, यातच माझे बरेच दिवस गेले. नीट जमेल असं अजूनही वाटत नाही. ती आमच्या शेजारच्या अब्दुल गफ्फारची मुलगी. अमरावतीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शेतीशास्त्र शिकवायची.

तिची शिकवायची एक रीत होती. कोणताही विषय आधी शेतकऱ्याच्या बाजूनं मांडायचा, तोही त्याच्याच बोलीत, इतका की मुलं टाळ्या वाजवायची. मग तास संपत आला की तेच म्हणणं ती एकेक टाका काढत उसवायची. "आधी बापाची बाजू ऐका, मग बापाशी भांडा," असं मुलांना सांगायची.

कोरोनात कॉलेज बंद झालं, ऑनलाइन अभ्यासक्रम आले आणि त्यांचे नियमही आले. एक व्हिडिओ पंधरा मिनिटांचा. कॉलेजनं चाचणी घेतल्याशिवाय पुढचा भाग कुणालाच उघडणार नाही. तयार केलेला पाठ कॉलेजच्या मालकीचा; शिक्षकानं तो परस्पर कुणाला द्यायचा नाही, तोच विषय बाहेर शिकवायचा नाही, बदल करायचा तर समितीला विचारायचं. महेजबीननं सही केली. तासिकेवरच्या माणसाला सही न करून कसं चालेल?

तिचा फरदडीचा पाठ अर्ध्या तासाचा होता. कपाशीचा शेवटचा वेचा झाला तरी पऱ्हाटी, म्हणजे तिचं उभं झाड, उपटायची नाही, एखादं पाणी देऊन पुन्हा बोंडं घ्यायची, ही फरदड. आमच्याकडे सगळेच करत आले. पण उभ्या पऱ्हाटीत गुलाबी बोंडअळी मुक्काम करते आणि पुढच्या साली गावभर होते. कॉलेजनं तो पाठ बरोबर मधोमध कापला. पहिल्या भागात फक्त बापाची बाजू राहिली.

डिसेंबरात एकदा ती आमच्या ओट्यावर चहा पीत बसली होती, तेव्हा फोन आला. चांदूर रेल्वेकडच्या रागिणी नावाच्या विद्यार्थिनीचे वडील, खुशालराव. आवाज एवढा मोठा की मलाही ऐकू येत होता.

"म्याडम, लय झ्याक सांगतलं तुमी! पोरीनं दाखवलं. ट्रॅक्टरवाल्याले म्या वापस पाठवलं. आता पऱ्हाटी ठेवतो उभी."

"काका, ते अर्धंच आहे. पुढच्या भागात मी नको म्हटलं आहे, तो चाचणीनंतर उघडेल."

"आता काहून नको? तुमीच सांगून राहिल्या नं, घरात आलेली लक्ष्मी हाकलू नका म्हणून! गावच्या ग्रुपवर टाकलं म्या. सारे म्हणते, शिकेल असूनबी बाईले अक्कल हाय."

एरवी ती खळखळून हसली असती. चहा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी ती प्राचार्य भगवंतरावांना भेटली. माणूस वाईट नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुमचा भाग आज उघडला, तर सगळ्यांचेच उघडावे लागतील. अर्ज द्या, समिती बसली की बघू."

"कधी बसेल, सर?"

"जानेवारी उजाडेल."

"तोवर अळीची सोय झालेली असेल."

"महेजबीन, तुम्ही विद्यार्थ्यांना शिकवता. गावाला नाही."

घरी येऊन तिनं हे सांगितलं आणि अंगणात येरझारा घालू लागली. दुसरा भाग तिच्या फोनमध्येच होता. एक बोट लावलं की गेला असता, आणि त्याबरोबर पुढच्या सत्राचे तासही. मी म्हटलं, बस जरा. तर म्हणाली, "काका, माझाच आवाज माझ्या विरुद्ध गावोगाव फिरून राहिला. कशी बसू?"

सकाळी तिनं विचारलं, "चांदूरला येता का सोबत?" मास्क बांधून एसटीनं गेलो.

बाई येणार म्हणून खुशालरावांच्या शेतात गावचे बरेच लोक जमले होते. एकजण ओरडला, "या, फरदडवाल्या बाई!" ती त्यालाच घेऊन पऱ्हाटीत शिरली. "तोडा एक हिरवं बोंड. तुमच्या मनानं." त्यानं तोडलं, दातानं फोडलं आणि थू थू करत फेकून दिलं. आत अळी वळवळत होती. मग इतरांनीही बोंडं फोडली. बहुतेकांत तेच.

"हेच लक्ष्मी हाय का?" तिनं विचारलं.

खुशालराव चिडले. "मंग मोबाइलात काहून तसं बोलल्या?"

"ते तुमचं म्हणणं होतं, काका. मी तुमच्या बाजूनं बोलत होते."

"माह्या बाजूनं मी बोलतो नं! तुमी तुमचं बोला."

तिनं तिथंच बांधावर उभं राहून दुसरा भाग सांगितला. रागिणीनं तो मोबाइलवर घेतला. "म्याडम, टाकू का ग्रुपवर?" महेजबीननं माझ्याकडे पाहिलं. मी बोंडांकडे पाहत राहिलो.

"टाक," ती म्हणाली.

खुशालरावांनी पऱ्हाटी काढली. निम्म्या गावानं काढली, निम्म्यानं नाही. पुढच्या सत्रात महेजबीनला तास मिळाले नाहीत. पाठ कॉलेजचाच असल्यामुळे तिच्या आवाजातला पहिला भाग दुसरेच कुणी मुलांना दाखवतात.

आता ती अकोल्याच्या एका कॉलेजात आहे, शनिवारी घरी येते. तिथंही नियम तेच. म्हणून पाठ सुरू करतानाच ती फरदड नको असं सांगून टाकते. मग बापाची बाजू आधी न मांडता उरलेल्या मिनिटांत काय बोलावं, हे तिला अजून सुचत नाही.